कारक (हालचालींची) अडचण ओळखताना: शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा निम्म्या मुलांना पेन्सिल नीट धरता येत नाही. यातले कोणते मूल खऱ्या अडचणीत आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : एकट्या पेन्सिलवरून ओळखू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरातली मोठी माणसे सकाळीच वावरात जातात आणि जिथे खडू, कात्री, रंगपेटी कधी आलेलीच नसते, तिथल्या मुलाची बोटे पेन्सिलवर अडखळली तर तो बहुधा सरावाचा अभाव असतो. शाळेत रोज हाताला काम मिळाले की अशी बरीच मुले काही आठवड्यांत सावरू लागतात. म्हणून ज्या कामांचा सराव गावातल्या मुलांना घरीच होतो, त्या कामांत मूल कसे आहे ते पाहावे: तुरीच्या शेंगा सोलणे, गडव्यातून पेल्यात पाणी ओतणे, सांडल्याशिवाय खिचडी खाणे, लंगडी घालणे. शाळेच्या आणि घरच्या अशा दोन्ही कामांत ते सोबत्यांच्या बरेच मागे असेल आणि सराव देऊनही मागेच राहत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

एका शाळेच्या ओट्यावर दुसरीतली एक मुलगी मी शेंगा सोलताना पाहिली. शेजारची मैत्रीण अंगठ्याने शेंगेची शीर उसवून दाणे ताटलीत पाडत होती. ही मात्र शेंग मुठीत दाबायची, मग दातांनी फोडायची, आणि निम्मे दाणे मातीत जायचे. पाढे तिला तोंडपाठ होते, पण वही अपुरी राहत असल्यामुळे ‘लक्ष नसते’ असा शेरा तिच्या नावापुढे पडला होता. तो वाचून मला फार वाईट वाटले, कारण ती जीव ओतून ती शेंग फोडत होती.

या अडचणीला वैद्यकीय भाषेत विकासात्मक समन्वय विकार म्हणतात. शाळकरी मुलांत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 6 टक्के, म्हणजे 30 पटाच्या वर्गात एखाद-दुसरे मूल. मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांत तो अधिक आढळतो. त्याचे निदान मुलग्यांत जास्त होते; गप्प बसणाऱ्या मुलींकडे म्हणूनच मुद्दाम पाहावे.

प्रश्न : माझ्या वर्गातला एक मुलगा गेल्या वर्षी चांगला पळायचा, आता सारखा पडतो. हाही समन्वयाचाच विकार का? (शिक्षक, भंडारा जिल्हा)

उत्तर : नाही, असे गृहीत धरू नका. समन्वयाची अडचण लहानपणापासून असते. आलेले कौशल्य गमावणे ही निराळी आणि तातडीची बाब आहे. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभे राहत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर स्नायूंच्या आजाराची तपासणी लवकर व्हायला हवी. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हेही विसरू नये. त्या मुलांचे हातपाय दुखतात, आणि एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा शाळा सुटण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी मेळघाटात अंगणवाडी सेविका आहे. चार वर्षांची एक मुलगी सांगितलेली कृती करत नाही, उड्याही मारत नाही. कोणाला सांगू?

उत्तर : आधी एक गोष्ट करून पाहा. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलीला मराठीतली सूचनाच कळली नसेल; न बोलता स्वतः उडी मारून दाखवा. तरीही जमत नसेल तर तारीख घालून दोन-चार ओळी लिहून ठेवा. पाच वर्षांच्या आत या विकाराचे निदान सहसा करत नाहीत, पण मदत त्यासाठी थांबवायची नसते. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणे अपेक्षित असते. त्या दिवशी मुले रांगेतून भराभर पुढे सरकतात, आणि अशा वेळी डॉक्टरांना आपल्या त्या चार ओळींचा मोठा आधार होतो. त्यांच्यामार्फत मुलीला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि उपचार होतात तिथे, पाठवता येते.

प्रश्न : वडील म्हणतात, पोरगा आळशी आहे. त्यांना काय सांगावे, आणि वर्गात काय करावे? दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? (मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)

उत्तर : प्रमाणपत्राचे आश्वासन देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत हा विकार स्वतंत्रपणे नाही. त्याच्या जोडीने अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आढळली तर त्या मार्गाने जाता येते. वर्गात, जमिनीवर बसणाऱ्या मुलाच्या वहीखाली पाट द्यावा, ओळी ठळक आखून द्याव्यात, लिखाण कमी करून उत्तर तोंडी घ्यावे. जे काम येत नाही तेच काम लहान लहान टप्पे करून रोज थोडे करून घ्यावे. बटण लावता येत नसेल तर आधी मोठ्या काजाचे, सैल बटण. अपुऱ्या वहीबद्दल तेच पान वीस वेळा लिहायला लावण्याची शिक्षा मात्र ताबडतोब बंद करावी.

वडिलांना कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत बोलावले तर त्यांची मजुरी बुडते. संध्याकाळी आपणच घरी जावे. मुलाला काय चांगले येते ते आधी सांगावे, मग त्यांच्यासमोर त्याला गडव्यातून पाणी ओतायला सांगावे आणि तो किती प्रयत्न करतो ते त्यांना पाहू द्यावे.