कलिंगडाचा गेम आणि फाडलेली पानं

"मॅडम, ॲप असतं ना तर मी कधीच डिलीट करून टाकलं असतं, पण हा क्रोममध्येच टॅब उघडून खेळतो आणि क्लासची लेक्चर्स पण त्याच लॅपटॉपवर, मग लॅपटॉप तरी कसा काढून घेऊ?"

मी समुपदेशक, आणि हे वाक्य थोड्याफार फरकाने मी या वर्षी इतक्या आयांकडून ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. मुलांची वयं वेगळी, गेम वेगळे, कुणी दोरी कापून गोळी पाडतंय, कुणी गलोलीने पक्षी उडवतंय, पण शेवटचा प्रश्न सगळ्यांचा एकच, याला व्यसन लागलंय का हो?

त्यातली एक केस सांगते, आई आणि मुलगा दोघांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलगा नीटचा रिपीटर, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुन्हा बसणारा. नाव नको, धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, आपणही दादाच म्हणू.

दादा खेळायचा तो कलिंगडाचा गेम. जपानमध्ये सुइका गेम म्हणून निघाला, २०२३ मध्ये जगभर गाजला आणि आता ब्राउजरवर त्याच्या ढिगाने फुकट कॉप्या आहेत. एक उभा डबा, वरून एकेक फळ सोडायचं, दोन सारखी फळं एकमेकांना टेकली की त्यांचं पुढचं मोठं फळ होतं. चेरीपासून कलिंगडापर्यंत एकूण ११ फळं. फळं गोल, त्यामुळे घरंगळतात, एकमेकांना ढकलतात, आपण ठेवायला जातो एकीकडे आणि जाऊन बसतं भलतीकडेच. डबा वरपर्यंत भरला की खेळ संपला. दिसायला अगदी बाळबोध, पण नुसत्या चेरीच जोडत गेलात तर एका कलिंगडाला १०२४ चेरी लागतील, हे मला दादानेच सांगितलं, पहिल्या सेशनला तो आपणहून बोललेलं हे एकमेव वाक्य.

आई म्हणाल्या, रोज तीन-चार तास जातात. बाबांनी दोनदा वायफाय बंद केलं तर याने मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. दर सोमवारी फ्रिजवर नवीन टाइमटेबल लागतं आणि बुधवारपर्यंत पहिले पाढे पंचावन्न.

व्यसनाचं आधी सांगते कारण तुमचा जीव तिथे अडकलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या ११व्या आवृत्तीत, गेमिंगचा आजार आहे, पण तो नुसता तास मोजून ठरत नाही. खेळण्यावर ताबा राहिलेला नसणं, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणं, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढत जाणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर चाललेलं असणं, शिवाय त्यामुळे घर, शिक्षण, माणसं यांत ठळक नुकसान झालेलं असणं, हे सगळं बघतात. दादा जेवायला ताटावर येत होता, मित्राच्या वाढदिवसाला जात होता, झोप थोडी बिघडली होती. म्हणून मी आईंना सरळ म्हटलं, ताई, मला हा आजार वाटत नाहीये, पण हा खेळतो कसा ते मला बघायचंय.

तुम्ही कधी बघितलंय? किती वेळ खेळतो ते सगळ्या आईबाबांना मिनिटासकट माहीत असतं, कसं खेळतो ते विचारलं की गप्प होतात.

तर दुसऱ्या सेशनला मी दादाला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. त्याला वाटलं मी जप्त करणार, मी म्हटलं, खेळ, मी बाजूला बसते. वीस मिनिटं बसले. आणि मला जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही, कारण तो खेळतच नव्हता! चार-पाच फळं टाकायचा, एखादं चुकीच्या जागी घरंगळलं की एफ ५, पान रिफ्रेश, डबा रिकामा. परत पाच फळं, परत एफ ५. वीस मिनिटांत मी सव्वीस वेळा मोजलं. चार तास खेळतो म्हणजे चार तास हा पोरगा नुसती सुरुवात करत होता.

मी विचारलं, "वह्या कशा असतात रे तुझ्या?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. उत्तर आई आल्यावर मिळालं, "अहो मॅडम, फिजिक्सच्या सात वह्या आहेत, सगळ्यांची पहिली पानं फाडलेली."

टेस्टचंही तेच होतं. १८० प्रश्नांचा पेपर, फिजिक्सचे पहिले तीन अडले की याच्या डोक्यात तो पेपर तिथेच खलास, पुढचं नुसतं उरकणं.

मी विवेकनिष्ठ पद्धत मानणारी, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी विचारांमुळे होतो असं मानणारी, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली, आणि इतक्या वर्षांत तिने मला क्वचितच तोंडघशी पाडलंय. त्या पद्धतीचं सगळं सार मला आपल्या मराठीतल्या एका अक्षरात सापडतं, ते म्हणजे 'च'. सुरुवात चांगली झाली तर बरं, ही झाली इच्छा. सुरुवात चांगली झालीच पाहिजे, हा हट्ट. इच्छा मोडली की माणूस खट्टू होतो आणि पुढे जातो, हट्ट मोडला की त्याला सगळंच मोडल्यासारखं वाटतं. दादाचा त्रास गेमचा नव्हताच, गेमने त्याच्या 'च'ला फक्त एक बटण दिलं होतं.

तिसऱ्या सेशनला एकच अट घातली, आज रिफ्रेश नाही, डबा भरेपर्यंत खेळायचं.

सातवं फळ चेरी होतं. डाव्या कोपऱ्यात गेलं आणि त्यावर लगेच दोन मोठी फळं बसली. दादाचं बोट एफ ५ वर गेलं, मी काही बोलले नाही. बोट परत आलं, परत गेलं. गुडघा इतका हलत होता की टेबलावरचं पाणी हिंदकळत होतं.

"मॅडम, हे खराब झालं आता."

"काय खराब झालं?"

"सगळंच."

"सगळं म्हणजे किती फळं?"

बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत होता. मग हळू म्हणाला, "एक."

आणि पुढचं फळ टाकलं.

त्यानंतर जवळजवळ पंधरा मिनिटं आम्ही दोघं काहीही बोललो नाही. अननस झाला, दुसरा अननस झाला, दोघांचं खरबूज झालं आणि त्याच्या धक्क्याने अर्धा डबा हलला. कलिंगड काही झालं नाही, डबा भरला. स्कोअर २३८६, आतापर्यंतचा बेस्ट होता २१४०. मला वाटलं तो स्कोअर दाखवेल, पण त्याने डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ती चेरी अजून तिथेच आहे."

माझ्या अंगावर काटा आला. हे मी त्याला दहा सेशन समजावून सांगितलं असतं तरी इतकं पोचलं नसतं. चूक निस्तरली नव्हती, तिथेच होती, आणि तरी बेस्ट स्कोअर झाला होता. परीक्षेच्या ओएमआर शीटवर, म्हणजे उत्तरपत्रिकेवर, पेनाने काळा केलेला गोल पुसता येत नाही, चुकला तर एक मार्क जातो, पण बाकीचे प्रश्न जागच्या जागी असतात, हे त्यानेच पुढच्या वेळी मला समजावलं, जणू मलाच माहीत नव्हतं!

आता आईबाबांसाठी. आधी पंधरा मिनिटं पोराशेजारी बसा, उपदेश न करता. हरल्यावर काय करतो, जिंकल्यावर थांबतो का, कुठल्या क्षणी टॅब उघडतो, अवघड धड्यानंतर की तुमच्या भांडणानंतर, हे बघा. वायफायवरून युद्ध करू नका, त्यात तुम्ही हरता आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. लॅपटॉप रात्री हॉलमध्ये ठेवणं मात्र घरात ठरवून घ्या, झोपेवर तडजोड नको. आणि जेवण, झोप, माणसं सगळंच सुटत चाललं असेल, काढून घेतल्यावर मारहाण, तोडफोड होत असेल तर माझ्यासारखीकडे थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तुमचा स्वतःचा 'च' पण तपासा. दादाच्या आईंना मी विचारलं, ताई, फ्रिजवर दर सोमवारी नवीन टाइमटेबल लागतं, जुन्याचं काय होतं? त्या म्हणाल्या, आम्ही फाडून टाकतो ना. आणि बोलता बोलता थांबल्या, डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. त्या आठवड्यात टाइमटेबल बदललं नाही, बुधवारचा बुडालेला तास तसाच ठेवून गुरुवार सुरू केला.

दादा अजून खेळतो. जेवणानंतर दोन डाव, दोन्ही डबा भरेपर्यंत. मे मध्ये नीट आहे. फिजिक्सच्या आठव्या वहीचं पहिलं पान अजून शाबूत आहे, त्यावर दोन ओळी खोडलेल्या आहेत आणि खाली गणित पुढे चालू आहे.