उणे 48 टक्के

"मॅडम, माझ्यात लॉजिकच नाही."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पहिली युनिट टेस्ट झाली की हे वाक्य माझ्या केबिनमध्ये येतंच. पाठोपाठ दुसरं: "मराठी मीडियममधून आलोय ना, म्हणून." गेल्या वर्षीचा एक मुलगा तर पुरावाच घेऊन आला. जर्नलमध्ये घडी घातलेला प्रिंटआउट. पाच विषयांच्या गुणांची टक्केवारी काढायचा सी भाषेतला प्रोग्राम. 500 पैकी 412, आणि उत्तर उणे 48.

लॅबमध्ये सगळे हसले होते. वर हाच प्रोग्राम रूममेटच्या लॅपटॉपवर 82 दाखवत होता. त्यानंतरची दोन प्रॅक्टिकल्स त्याने बुडवली. घरी पत्ता नाही. झोप लागते का विचारलं, तर म्हणाला, "लागते, पहाटे."

समुपदेशनात येण्याआधी मी सी शिकवत होते. त्यामुळे धीर देत बसले नाही (पोकळ धीर पोरांना लगेच कळतो). कागद टेबलावर पसरला. एकूण गुणिले 100 भागिले 500. सूत्र तर बरोबर होतं.

लॅबमध्ये सी चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, टर्बो सी. तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, दोन बाइटांचा, 32767 च्या वर त्यात काही मावत नाही. 412 गुणिले 100 झाले 41200. ते सांडलं आणि उलट्या बाजूने उणे 24336 होऊन आत आलं. त्याला 500 ने भागलं की उणे 48. लॅपटॉपवरचा इंट चार बाइटांचा, दोनशे कोटींच्या पुढेही जागा, म्हणून तिथे निभावलं.

"पण खरी टक्केवारी किती रे?"

त्याने मोबाइलवर भागाकार केला. "82.4." थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे लॅपटॉपवालंही चुकलंय?"

पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी दशांश कापून टाकते. गुणतानाच 100 ऐवजी 100.0 लिहिलं असतं आणि उत्तर दशांशासकट छापलं असतं, तर दोन्हीकडे भागलं असतं. हे सांगेपर्यंत तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

वडील गावात दूध संकलन केंद्र चालवतात, हे बोलता बोलता निघालं. मग मी पुस्तक मिटलंच. रजिस्टरची एक ओळ लिहायला सांगितली: सभासदाचा कोड, नाव, लिटर, फॅट.

"फॅट 3.5 लागली आणि इंटमध्ये भरली तर?"

"3 होईल. बाबांच्या दारात भांडणं होतील!"

म्हणजे लिटर आणि फॅट फ्लोटमध्ये, दशांश मावतात त्या डब्यात. नाव म्हणजे कॅरेक्टरचा अॅरे, अक्षरांची रांग. वेगवेगळ्या प्रकारच्या या रकान्यांची मिळून एक ओळ, ते स्ट्रक्चर. आणि सकाळच्या दुधाचं अख्खं पान म्हणजे अशा स्ट्रक्चरांचा अॅरे. अॅरेतली मोजणी शून्यापासून का, यावर तो अडला. पानाच्या सुरुवातीपासून किती ओळी सोडायच्या ते मोज, म्हटलं. पहिल्या ओळीसाठी एकही सोडावी लागत नाही.

बुडालेल्या प्रॅक्टिकल्सचं त्याने स्वतः सरांना सांगायचं ठरलं, घरी फोनही त्यानेच करायचा. फोनला चार दिवस लावले.

पुढच्या आठवड्यात तो दारातूनच बोलला, "मॅडम, केंद्रातला एक कोड 007 आहे. माझा प्रोग्राम नुसता 7 छापतोय."

"मग?"

"कोडची कुठे बेरीज करायचीय? तोही कॅरेक्टरमध्येच टाकतो." आणि खुर्चीवर न बसताच लॅबकडे गेला.