आलेपाकात दूध फाटलं, ते का?

प्रश्न : ताई, मुलीने ऑस्ट्रेलियाहून साखरेत घोळवलेले आल्याचे तुकडे आणलेत. आपला आलेपाक तो हाच का? चव आवडली म्हणून परवा घरी आलेपाक करायला घेतला, तर आल्याचं वाटण दुधात घालताच दूध फाटलं. आणखी एक, सासूबाईंना मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवायची गोळीही चालू आहे. खोकल्यावर त्यांना रोज एक वडी देऊ का?
– एक वाचक, कराड

उत्तर : दूध नासकं नव्हतं, तुमचा हातही चुकला नाही. कच्च्या आल्यात झिंगिबेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं गोठवतं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात तर आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि ते दह्यासारखं लागलं की गोड म्हणून खातात. हे विकर उकळीत निकामी होतं. म्हणून चहातही आलं आधी पाण्यात खळखळ उकळावं, दूध मागून घालावं. आलेपाकासाठी वाटण आणि साखर एकत्र चढवा, चांगली पाच मिनिटं उकळू द्या, मगच दूध किंवा साय घाला.

माझी आई पाव किलो आल्याला अर्धा किलो साखर घेई. आलं कोवळं हवं, जून आल्याचे दोरे दातांत अडकतात. कढईच्या कडेला साखर पांढरी धरू लागली आणि उलथनं फिरवल्यावर तळ दिसला की ती कढई उतरवून घोटत बसे. मिश्रणाची चकाकी गेली की लगेच तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच वड्या पाडायच्या. मिनिटभर उशीर झाला तर कढईतच दगड होतो.

मुलीने आणलेले तुकडे वेगळे. त्यात आलं वाटत नाहीत. फोडी पाण्यात मऊ शिजवून पाकात मुरवतात, सुकवतात आणि साखरेत घोळवतात. म्हणजे कृतीने ते आपल्या वडीपेक्षा पेठ्याच्या जवळचे. बारीक चिरून नानकटाईच्या पिठात घाला, फार छान लागतात.

आता सासूबाई. रोज वडी देऊ नका. वरच्या मापाने केलेल्या दहा ग्रॅमच्या वडीत आठ ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे चहाचे दोन चमचे. आल्याने घसा जरा शेकतो, पण त्याने खोकल्याचं कारण जात नाही. दोन आठवडे उलटूनही खोकला हटला नसेल तर त्यांना आधी तपासून आणा. भाजी-आमटीतलं आलं खुशाल खाऊ दे, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर आल्याचा रस किंवा सुंठ रोज औषधासारखी सुरू करायची तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आल्याचा खरा उपयोग मळमळीवर. गरोदरपणातल्या मळमळीत तो अभ्यासांतही दिसला आहे. गाडी लागण्याबाबत पुरावा तितका पक्का नाही, तरी मी माझ्यापुरतं सांगते : चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात मला हमखास एसटी लागायची. पाटण मागे पडलं की आई रुमालाची गाठ सोडून एक वडी हातावर ठेवी. ती चघळत मी खिडकीबाहेर बघत बसे आणि पोफळीपर्यंत निभावून जाई.

फाटलेलं दूध टाकलं नसेल तर त्यातच साखर घालून मंद आचेवर आटवा. वडी रवाळ, कलाकंदासारखी होईल. पुढच्या वेळी मात्र आलं आधी, दूध नंतर.