पहिलं जाळं घेताना

गळाला लागलेला मासा परत सोडायचा ठरवलायस, हे फार छान. मग तो पाण्यातून उचलायचं दांड्याचं हातजाळं घेताना आधी जाळी बघ, कड्याच्या-दांड्याच्या लाकडाची चमक नंतर. गाठींची नायलॉनची जाळी नकोच. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला बुरशी आणि जंतूंपासून वाचवतो. गाठींनी तो खरवडला जातो, माशाचे पर फाटतात. बारीक छिद्रांची रबरी जाळी घे. थोडी जड असते, पण तिच्यात हुकही सहसा गुंतत नाही. माझ्या पहिल्या नायलॉनच्या जाळ्यात हुक असा अडकला की तो सोडवेपर्यंत मासा तोंड उघडून तडफडत राहिला. त्याचं अजून वाईट वाटतं.

जाळ्याचं कडं ऐसपैस हवं, मासा दुमडता कामा नये. पाण्यात उभं राहून गळ टाकणार असशील तर आखूड दांडा पुरतो.

नवखे हमखास करतात त्या चुका:
- जाळं घेऊन माशामागे धावणं. जाळं आधीच बुडवून धर, मासा डोक्याकडून त्यावर ओढून आण, मग उचल.
- हुक काढायला मासा बाहेर घेणं. जाळी पाण्यातच राहू दे, कल्ले बुडालेले हवेत.
- कोरडे हात लावणं.

जाळं अंगावर अडकवायची चुंबकाची कडी वगैरे पुढे बघू. आधी चार मासे नीट सोडून ये.