पुराआधी घर कसे आवरावे?

प्रश्न : सांगलीत नदीजवळ तळमजल्यावर आमचे घर आहे. २०१९ च्या पुरात घरात छातीपर्यंत पाणी आले होते. आता दर पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की आमची धांदल उडते. कधी सामान विनाकारण माडीवर चढवतो, तर कधी उशीर होतो. नेमके केव्हा आणि काय करावे?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : धरणाच्या विसर्गाचे क्युसेकमधील आकडे ऐकून घरातल्या माणसाला काहीच ठरवता येत नाही; ठरवता येते ते सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीवरून. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पण आपल्या गल्लीचा धोका यापैकी कोणत्याही आकड्याला सुरू होत असेल असे नाही. त्या वर्षी पुलाजवळ किती फूट पाणी असताना ते आपल्या पायरीला लागले, हे जुन्या शेजाऱ्यांकडून विचारून घ्यावे आणि तो आकडा मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर ठळक लिहून ठेवावा. त्याच्या तीन-चार फूट आधी सामान हलवायला लागायचे, हा घरचा नियम. कृष्णेचे पाणी सांगलीत बहुधा टप्प्याटप्प्याने चढते, त्यामुळे असा नियम येथे पाळता येतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी ज्या वेगाने बाजारपेठेत शिरले, तेथे इतकी सवड नव्हती. डोंगरउताराच्या नदीकाठी राहणाऱ्यांनी मुसळधार पावसाचा इशारा मिळताच हलावे.

पाणी नेहमी दारातूनच येते असे नाही. गटारे तुंबली की ते आधी न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. म्हणून सांडपाण्याच्या नळाला प्लंबरकडून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवून घ्यावा आणि ऐनवेळी जाळीवर वाळूची पिशवी दाबून ठेवावी. दारातल्या वाळूच्या पोत्यांवर मात्र लोक नको तितका भरवसा ठेवतात. गुडघ्याखालच्या पाण्याला ती थोपवतात. त्याहून जास्त पाणी हट्टाने बाहेर अडवून धरले, तर बाहेरच्या दाबाने जुनी भिंतच खचू शकते. पोती अर्धीच भरावीत, म्हणजे एकमेकांवर नीट बसतात.

घर सोडताना मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. सिलिंडर साखळीने बांधून ठेवावा, कारण तोही तरंगतो. गच्चीवरची टाकी वीज असतानाच भरून घ्यावी. पुरात पिण्याच्या पाण्याचीच सर्वाधिक ओढाताण होते. इन्व्हर्टरची बॅटरी आणि धान्याचे डबे माडीवर न्यावेत. स्विचबोर्डपर्यंत पाणी चढले असेल, तर पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावू नये. पाणी ओसरल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. तसेच, पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारण्याचा मोह टाळावा. इंजिनात शिरलेल्या पाण्याने झालेले नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. विमा घरमालकानेच काढायचा असतो ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इमारतीचा विमा मालकाने काढावा, पण आपल्या सामानाचा विमा आपणच काढायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात पूर, भूकंप, भूस्खलन यांचा समावेश असून ती केवळ घरातल्या वस्तूंपुरतीही घेता येते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते; रोकड आणि कागदपत्रे मात्र धरली जात नाहीत, म्हणून ती घर सोडताना बरोबरच घ्यावीत. पाणी अंगणात आल्यावर काढलेल्या विम्याचा त्या पुरासाठी उपयोग नाही. हे काम मे महिन्यातच उरकावे. पॉलिसी घेतल्या दिवशीच प्रत्येक खोलीचे मोबाइलवर चित्रण करून ते गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावे. पूर ओसरल्यावर चिखल काढण्याची घाई होते, पण कंपनीला कळवून, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढल्याशिवाय काहीही फेकू नये. सरकारी मदतीचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी ही दोन वेगळी कामे आहेत. एक झाले म्हणून दुसरे होत नाही.