अभ्यासात हुशार, शिकलेल्या मुलींनाच खाण्याचे विकार का होतात? की हे नुसतं डाएटचं फॅड?

फॅड नाही. हा शब्द आमच्या आत्याचा, म्हणून लिहायला बसले.

घर सांगलीत, विश्रामबागला. धाकटी बहीण बारावीला होती. कायम पहिली, खाडाखोड झाली तर अख्खं पान फाडून पुन्हा लिहिणारी. एका लग्नात आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचं खाणं आवरा की जरा, उद्या पावणं बघायला यायचंत." त्यानंतर पोरीने सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. घरात कौतुक, पोरगी किती धार्मिक! उपासाची खिचडीही नको, नुसतं ताक. एरवी भाकरी ओढणीत गुंडाळून गच्चीवर कावळ्यांना. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घालून बसायची. पाळी बंद झाली तरी आत्याचं एकच, "थेरं आहेत."

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नाव सांगितलं, ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच तोडत जाण्याचा आजार. अति काटेकोरपणा, मार्क आणि वजन यांवरच स्वतःची किंमत ठरवणं, सततची चिंता, मनातलं बोलता न येणं, शरीरावरून टोमणे हे सगळं तिच्यात एकत्र आलं होतं. त्यात उपाशी राहिलं की डोकंच बदलतं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांवर प्रयोग झाला. सहा महिने अर्धपोटी ठेवल्यावर तेही उदास, चिडके झाले, दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. ते पुरुषही थेरं करत होते का?

नुसत्या टोमण्याने कुणी आजारी पडत नाही, आनुवंशिकताही असते. हुशार नसलेल्या मुलींनाही होतो, मुलग्यांनाही होतो. पाळी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका, 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांत निदानासाठी पाळी बंद असण्याची अटच उरलेली नाही. भराभर खाऊन ओकून टाकणाऱ्या मुलीचं वजन तर चारचौघींसारखंच दिसू शकतं.

घरात अशी मुलगी असेल तर ताटावर पहारा देऊन ओरडू नका. वजन झपाट्याने उतरत असेल, चक्कर येत असेल तर आधी फिजिशियन, जोडीला मानसोपचारतज्ज्ञ. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लग्नकार्यात पोरी भेटल्या की "जाड झालीस", "वाळलीस" यातलं एकही बोलायचं नाही. आमच्या घरात आता हा नियम आहे, आत्यालाही.