बो शॉकपुढच्या लहरी वाचताना

क्लस्टर या चार अंतराळयानांच्या नोंदींत पृथ्वीच्या बो शॉकपुढे (सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जिथे एकदम मंदावतो त्या सीमेपुढे) सुमारे 30 सेकंद आवर्तकाळाच्या चुंबकीय लहरी आढळल्या, तर त्यांच्या ध्रुवणावरून, म्हणजे लहरीतील चुंबकीय क्षेत्र कोणत्या वळणाने फिरते त्यावरून, लगेच निष्कर्ष काढू नयेत. शॉककडून परतलेल्या आयनांमुळे (विद्युतभारित कणांमुळे) उपजणाऱ्या या लहरी प्लाझ्माच्या (सौरवाऱ्यातील विद्युतभारित वायूच्या) सापेक्ष सूर्याकडे निघालेल्या असतात. परंतु सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने येणारा सौरवारा त्यांना उलट पृथ्वीकडेच वाहून नेतो, आणि म्हणून मुळात उजव्या वळणाची लहर यानाला बहुधा डाव्या वळणाची भासते. (सुरुवातीला मीही इथेच फसलो होतो.) शक्य तेथे चारही यानांवर लहर पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोजून तिची दिशा ठरवावी. मात्र त्याआधी यानाजवळची चुंबकीय बलरेषा शॉकला खरोखर भिडते का, हे तपासावे; परतलेले आयन तिच्याच वाटेने यानापर्यंत येतात.